रणदिव्यांची जीभ

रणदिवे माती चाखतात. खातात नव्हे, चाखतात. हा फरक त्यांनीच मला समजावून सांगितला आहे, आणि तो सांगताना त्यांच्या बोटावर माझ्याच तुळशीची माती होती.

पनवेलच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवसाची ही गोष्ट. टेम्पोतून उतरवलेली तुळशीची कुंडी जिन्यापाशी ठेवली होती आणि मी कपाट वर नेणाऱ्यांना सूचना करण्यात गुंतलो होतो. ते माझ्या सूचना ऐकत नव्हते, हा भाग वेगळा. एवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले, कुंडीशी वाकले, चिमूटभर माती उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि आमटीत गूळ बरोबर पडलाय का हे ठरवणाऱ्या बाईसारखे डोळे मिटून उभे राहिले.

"खत फार घालता," ते म्हणाले. "आणि पाणी बोअरचं. डोंबिवलीहून आलात?"

मी थक्क झालो. आम्ही डोंबिवलीहूनच आलो होतो. टेम्पोच्या पाठीवर 'डोंबिवली पूर्व' असं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं हे मला रात्री जेवताना आठवलं. पण खताचं मात्र खरं होतं.

रणदिव्यांची हयात एका खाजगी प्रयोगशाळेत माती तपासण्यात गेली. कारखाने सांडपाणी साठवायला मोठी तळी बांधतात. ते पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाशी चिकणमातीचा जाड थर देतात. त्या थरातून पाण्यात विरघळलेलं मीठ पलीकडे जातं का, जात असेल तर कसं आणि किती वर्षांत, हे बघणं म्हणजे रणदिव्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, भजनी मंडळात जातात, नाहीतर बँकेच्या व्याजदरावर बोलतात. रणदिवे निवृत्त झाले ते चिकणमाती घेऊन घरी आले.

त्यांच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालायलासुद्धा जागा नव्हती. तिथे भिंतीला टेकवून काचेच्या, इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकड्या नळ्या उभ्या केलेल्या होत्या. प्रत्येक नळीच्या पोटात वीतभर चिकणमाती ठासलेली, एका दांडीत खाडीचं पाणी आणि दुसऱ्या दांडीत पावसाचं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी बाल्कनीत नेलं जाई.

"बघा, खाऱ्या बाजूची पातळी चढतेय," रणदिवे सांगत.

पाहुणा बघे. पातळी जिथे होती तिथेच असे.

"गोडं पाणी मातीतून खाऱ्याकडे ओढलं जातं. मिठाला इकडे यायचं असतं, पण माती त्याला सहजासहजी येऊ देत नाही. थांबा, दिसेल."

पाहुणा थांबे. आत चहा गार होई. शेवटी रणदिवेच त्याची सुटका करत आणि म्हणत, "मातीला घाई नसते." हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्ट अडकली, पेपर उशिरा आला, महानगरच्या गॅसची पाइपलाइन येता येता राहिली, कशालाही ते हेच म्हणत आणि लोक त्यांच्यावर चिडत.

त्यातल्या एका नळीकडे बोट दाखवून त्यांनी मला एकदा सांगितलं, "ही मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात लावली. मुलगी ऑस्ट्रेलियाला पोचली, तिला मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. मिठाने अजून ही वीत काही नीट ओलांडलेली नाही."

मुलीच्या बाळंतपणाला रणदिवेवहिनी ऑस्ट्रेलियाला गेल्या. मग नातवाच्या दातांसाठी थांबल्या, मग त्याच्या शाळेसाठी. मधून मधून त्या येत, वर्षाचं तिखट, मसाला, भाजणी करून डबे भरत, घरातली जळमटं काढत आणि परत जात. रणदिव्यांना तिकडे बोलावणं असायचंच. ते म्हणायचे, "नळ्यांकडे कोण बघणार?" हे ऐकून आम्ही हसायचो. नळ्यांकडे त्या क्षणी तरी कोणीच बघत नसे.

आता त्यांच्या जिभेविषयी. रणदिव्यांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणजे त्यांनी प्रयत्न केला नसावा. "जिभेला पगार नसतो," ते म्हणत, "म्हणून ती खरं सांगते." आमच्याकडे सत्यनारायणाला ते आले तेव्हा त्यांनी आधी हॉलच्या भिंतीला ओल येऊन फुटलेला खारट लोणा बोटाने खरवडून चाखला आणि मग प्रसादाचा शिरा. लोण्याला त्यांनी "शुद्ध" असं प्रशस्तिपत्र दिलं. शिऱ्याबद्दल बायकोला म्हणाले, "वहिनी, चिमूटभर मीठ विसरलात." त्या चिमटीवरून आमच्या घरी आठवडाभर जे काही झालं ते इथे सांगण्याचं कारण नाही. पण मीठ विसरलं होतं, हे बायकोने पुढे एका बेसावध क्षणी कबूल केलं.

या जिभेपायी त्यांचं निवृत्तीनंतरचं कामही गेलं. उलव्याकडे तेव्हा जिकडे बघावं तिकडे इमारती चढत होत्या. एक बिल्डर मातीचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन त्यांच्याकडे आला. पाठोपाठ त्याचा माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. रणदिव्यांनी पेढ्याला हात लावला नाही. पिशवीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "हा कोन गावच्या बाजूचा मुरूम आहे. उलव्याची माती कुठे आहे?"

"साहेब, तीच आहे ती."

"उलव्याची माती खारट असते. ही माती कधी खाडीच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहिलेली नाही."

बिल्डरने पिशवी उचलली, माणसाने पेढे उचलले. त्यानंतर रणदिव्यांकडे कोणी नमुना आणला नाही. मग ते आमच्या कुंड्यांकडे वळले.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, खाडीच्या बाजूला, एक विहीर आहे. ही सगळी जमीन पूर्वी भाताची होती. जमीन विकताना मूळ मालकाने एवढीच बोली केली होती की विहीर राहू द्या, आमच्या घरचं माणूस पाणी न्यायला येईल. कागद केलेला नव्हता. बिल्डर गेला, सोसायटी झाली, विहीर राहिली. त्या मालकाची बायको, हिरूबाई, रोज सकाळी कळशी घेऊन यायची. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि दुसरं कुठलं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"नलाचा पानी दिला त थुकून टाकतो," ती सांगायची. "बोलतो, माज्या बापानं खनलेली हीर हाय, तिचाच पानी आन."

हिरूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. हात लावत लावत ती कठड्यापर्यंत यायची. म्हणून तिला पाणी काढून द्यायचं काम रणदिव्यांनी आपल्याकडे घेतलं होतं.

आता प्रश्न असा, की विहीर असते तिथे गाडी उभी राहू शकत नाही. आमचे चेअरमन पाटकर हे भूमितीचे निवृत्त शिक्षक. विहीर बुजवली तर त्या चौकोनात किती गाड्या मावतील याची आकृती त्यांनी काढून ठेवली होती. माझी स्वतःची सेकंडहँड गाडी रस्त्यावर कावळ्यांच्या झाडाखाली उभी असे, त्यामुळे ती आकृती मलाही सुबक वाटे. आणि मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो. म्हणजे बाकी कोणी व्हायला तयार नव्हतं.

एका सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला आणि रणदिवे बोलायला उभे राहिले. ते उभे राहताच निम्मी सभा भजी संपवायला बाहेर गेली. उरलेल्यांना त्यांनी जे सांगितलं ते आजही मला पाठ आहे.

"ही विहीर खाडीच्या इतक्या जवळ असून गोडी का? तर मध्ये निळ्या चिकणमातीचा पडदा आहे. लोकांना वाटतं माती म्हणजे चाळण. चाळण नव्हे. मातीचा कण पत्त्याच्या पानासारखा चपटा असतो आणि त्याच्या अंगावर ऋण भार असतो. आता मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात. सोडियमवर धन भार, क्लोराइडवर ऋण. सोडियमला माती 'या, बसा' म्हणते. क्लोराइडला बघितलं की ढकलते. पण सोडियम क्लोराइडला बाहेर टाकून एकटा पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे बायकोला लग्नाचं आमंत्रण आहे आणि नवऱ्याला नाही. मग दोघंही दारात अडकतात. पाणी मात्र मधून निघून जातं."

"म्हणजे मीठ कधीच येणार नाही?" पाटकरांनी विचारलं.

"येणार. थोडं थोडं सरकत येतंच. माती मिठाला थांबवत नाही, उशीर करते. उशीर होतो, इतकंच."

पाटकरांना एवढंच हवं होतं. त्यांनी लगेच ठराव मांडला: पाणी गोडं आहे तोवर विहीर ठेवावी, खारट झालं की बुजवावी. आणि गोडं की खारट हे दर वर्षी सभेत रणदिव्यांनी चाखून सांगावं. यावर कोणाचं दुमत नव्हतं. ज्या माणसाने चेअरमनच्या घरी जाऊन चेअरमनच्याच सुनेच्या कढीला 'मचूळ' म्हटलं, तो विहिरीची भीड कशाला ठेवेल?

पुढच्या सभांमध्ये रणदिवे स्वतःच कळशी भरून आणत. सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "गोड." एकदा पाटकरांनीही घोटभर घेतलं आणि त्यांना ते नाइलाजाने गोड लागलं. पार्किंग एक वर्ष पुढे जाई.

दरम्यान शेजारच्या प्लॉटवर इमारत उठली. पायासाठी त्यांनी खोल चर खणला, त्यातून निळा चिकट गाळ डंपरच्या डंपर बाहेर गेला. त्याच सुमारास विहिरीजवळची जास्वंद कडेने करपायला लागली आणि शेवटी वाळून गेली. मी रणदिव्यांना कारण विचारलं. जास्वंदीच्या मुळाशी काय चालतं यावर हा माणूस एरवी मला जिन्यात तासभर उभं करता. त्या दिवशी म्हणाले, "जास्वंदीचे फार लाड केले तुम्ही," आणि वर निघून गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण व्याख्यान टळल्याचा आनंद इतका होता की शंकेला जागा उरली नाही.

मग रणदिव्यांच्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख मिळाली शनिवारची आणि सभा रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. चहाही नाही, बाल्कनीही नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर एक माठ होता, शेजारी पितळी कळशी आणि फडक्यात बांधलेली मातीची पुरचुंडी.

"अहो सेक्रेटरी, लक्ष देऊन ऐका," ते म्हणाले. "नळाचं पाणी रात्रभर माठात ठेवायचं, म्हणजे क्लोरीनचा वास उडतो. सकाळी ही पुरचुंडी त्यात थोडा वेळ बुडवायची. विहिरीच्या काठची माती आहे, स्वच्छ धुतलेली. मग विहिरीचं पाणी, हे झाकणभर. जास्त नको. कळशी भरून पंपाच्या खोलीमागे ठेवून यायची."

"आणि?"

"हिरूबाई आली की बादली विहिरीत सोडायची. आवाज नीट झाला पाहिजे. वर ओढायची, पंपाच्या खोलीमागे न्यायची. या कळशीतलं पाणी तिच्या कळशीत ओतायचं. बादलीतलं जास्वंदीला."

"म्हणून जास्वंद मेली होय!"

"आता मेलीच आहे, तेव्हा काळजी नाही."

मी माठाकडे बघत राहिलो. "म्हणजे विहीर..."

"गेली," रणदिवे म्हणाले. "शेजारी खणलं तेव्हा पडदा फाटला. उरलीसुरली माती होती ती थोडे दिवस लढली. पण मीठ फार झालं की मातीची ताकद जाते हो. कण एकमेकांना चिकटतात, मध्ये फटी पडतात. मग ती कोणालाच अडवत नाही."

"आणि तुम्ही सभेत गोड म्हणून सांगत होता?"

"खारट म्हटलं तर बुजवतील. बुजवली तर म्हाताऱ्याचं पाणी तुटेल. त्याला चव पूर्वीचीच लागते, सेक्रेटरी. म्हणून तर हे झाकण. पहिल्यांदा मी दोन झाकणं घालत होतो, ती म्हणाली आज जरा जड लागतंय म्हणतो म्हातारा. मग एकावर आणलं."

"पण तुमची जीभ खोटं बोलत नाही ना?"

रणदिव्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली आणि परत घट्ट बांधली. "जीभ नाही बोलत," ते म्हणाले. "मी बोलतो."

शनिवारी सकाळी मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. हिरूबाई आली. मी कोण ते सांगितलं, साहेब डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत हेही सांगितलं. "देव बरा करंल," ती म्हणाली आणि कठड्याला हात लावून उभी राहिली. मी बादली सोडली. आवाज नीट व्हावा म्हणून जरा जोरात सोडली. दोराचं दुसरं टोक कठड्याच्या कडीला बांधायचं असतं हे मला रणदिव्यांनी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसणार. आधी बादली गेली, तिच्यामागून सळसळत अख्खा दोर गेला. आवाज मात्र उत्तम झाला.

अशा वेळी माणसाने थांबून विचार करावा. मी तडक पंपाच्या खोलीमागे गेलो, कळशी उचलून आणली आणि हिरूबाईच्या कळशीत पाणी ओतलं.

हिरूबाईचे खांदे हलायला लागले. पदर तोंडाला लावून ती हसत होती.

"बादली हिरीन पडली," ती म्हणाली, "दोर हिरीन पडला, आन पानी वर आला! साहेबाला पन कवा असा जमला नाय."

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. तिला तो दिसत नव्हता, एवढंच सुख.

"बस दादा, बस," तिने कठड्यावर हात थोपटला. "मना ठाव हाय. पयल्या दिसापासना ठाव हाय. डोल्याला दिसत नाय, पन नाक हाय ना मना. खाऱ्या पान्याची बादली वर आली का वास येतो. आमी खाडीची मानसा."

"मग बोलला का नाहीत?"

"तो एवढा करतो, त्याला कसा बोलू? चव पन कशी जमवतो! अगदी आमचे सासऱ्याच्या येलची."

"निदान तुमच्या म्हाताऱ्यांना तरी..."

"म्हातारा कुठं हाय आता?" हिरूबाई म्हणाली. "गौरी यायच्या आदीच गेला तो."

गौरी येऊन गेल्या होत्या, दिवाळीसुद्धा झाली होती. आणि ही बाई रोज कळशी घेऊन येत होती.

"मग तुम्ही येता कशाला?"

तिने अंदाजाने मान वर केली, जिकडे रणदिव्यांची बाल्कनी होती तिकडे. "साहेब रोज हितं उभा असतो. मी आली का इचारतो, म्हातारा कसा हाय. मी सांगतंय, बरा हाय. त्याला किती बरा वाटतं! घरान कोन नाय त्याचे. सकालच्या पारी त्याच्याशी बोलनारा दुसरा कोन हाय? म्हातारा मेला असा सांगितला, त तो हिरीवर कनासाठी येल?"

"आणि पाणी?"

"मी पितंय. थोडा तुलशीला घालतंय. एवढ्या मेहनतीचा पानी सांडवत नाय." ती उठली, कळशी कमरेवर घेतली. "त्याला सांगू नको, दादा. माज्या गल्याची शपत हाय तुला."

हात लावत लावत ती फाटकाकडे गेली. मग वॉचमनला बोलावून गळ टाकून बादली काढली, आणि तो विचारायच्या आत त्याला सांगितलं की दोर जुना झाला होता.

रविवारी सभा भरली. मी रणदिव्यांच्या माठातलं पाणी कळशीत भरून तयार होतो. पण पाटकर भूमितीचे. एक बाजू गळाली की आकृती सरळ होते, हे त्यांना कळत होतं.

"रणदिवे नाहीत, तेव्हा सेक्रेटरींनी चाखावं," ते म्हणाले. "पण पाणी सगळ्यांसमोर काढा. कळशी नको."

सगळी सभा विहिरीशी आली. मी दोर कडीला बांधला, हे सांगितलंच पाहिजे. बादली वर आली. पाण्यावर हिरवट तवंग होता. पाटकरांनी स्वतः पेला बुडवून माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. शेजारी माझी बायको उभी होती, मागे गाड्या असलेले आणि गाड्या नसलेले सभासद. कावळ्यांच्या झाडाखाली माझी गाडी इथूनही दिसत होती.

मी पेला तोंडाला लावला. ते पाणी कसं होतं ते सांगतो. आधी खारट, मग कडू, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी काहीतरी असं, की ज्याला मराठीत शब्द नाही आणि असू नये. मी डोळे मिटले. रणदिवे मिटत तसेच. त्याचा मोठा फायदा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"गोड," मी म्हणालो.

पाटकरांनी पेल्यासाठी हात पुढे केला. मी तो रिकामा करूनच त्यांच्या हातात दिला. "भरून घ्या ना, बादली इथेच आहे," मी म्हटलं. पाटकरांनी तवंगाकडे बघितलं. त्यांच्या घरी नुकतंच पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं होतं आणि त्या दिवसांत काविळीची साथ होती. "तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. पार्किंग पुढच्या वर्षावर गेलं. बायकोने घरी येऊन मला काही न विचारता लिंबाचं सरबत दिलं, त्यात मीठ घातलं नव्हतं.

संध्याकाळी काळा चष्मा लावून रणदिवे दारात उभे राहिले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी ते दोन मजले उतरून आले होते.

"तिला कळलं नाही ना?"

"नाही."

"आवाज नीट झाला?"

"उत्तम झाला."

"म्हातारा कसा आहे, विचारलंत का?"

"विचारलं," मी म्हणालो. "बरा आहे."

"बरं," रणदिवे म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. काळ्या चष्म्यातूनही ते दिसलं. मग ते म्हणाले, "सभेत पाटकरांनी बादली काढायला लावली म्हणे. कसं होतं पाणी?"

"गोड होतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची जीभ सुधारली," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.

पुढचे काही दिवस कळशी मीच भरली. डॉक्टरांनी त्यांना वाकायची परवानगी दिली त्या सकाळी मी मुद्दाम मागच्या खिडकीत चहा घेऊन उभा होतो. हिरूबाई आली. रणदिवे चष्मा लावून कठड्यापाशी आधीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काय म्हणतो म्हातारा?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय," हिरूबाई म्हणाली. "मदी चार दिस तोंड वाकडा करत व्हता. बोलला, साहेबाच्या हातचा नाय हा पानी."

"असं म्हणाला?"

"असाच बोलला."

रणदिवे घाईघाईने वळले आणि त्यांनी बादली सोडली. आवाज नीट झाला.